सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हे ठरवायचे कसे?

प्रश्न: ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात १९६२ ते २००२ ‘सिटिझन केन’ अव्वल राहिला, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ मध्ये ‘जान दिलमान’, मग सर्वश्रेष्ठ म्हणावे तरी कोणाला?

प्रतिसाद: माझे मत आजही ‘केन’लाच. घरात मुलाच्या भवितव्याच्या कागदांवर सह्या होत असताना मागच्या खिडकीतून तोच मुलगा बर्फात खेळताना तितकाच स्पष्ट दिसतो, हे एकच दृश्य पुरेसे आहे.

प्रतिसाद: तंत्र मान्य; पण ‘जान दिलमान’मध्ये बटाटे सोलणाऱ्या नायिकेकडे, जानकडे, स्थिर कॅमेरा ज्या चिकाटीने पाहत राहतो, ते धाडस मला अधिक मोलाचे वाटते. (तीन तासांहून अधिक लांबी सोसवत नसेल, तर गोष्ट वेगळी.)

प्रतिसाद: २०१२ मध्ये ८४६ मतदार होते, २०२२ मध्ये १६०० हून अधिक; मतदारवर्गच बदलल्यावर या निकालांची तुलना कशी करणार?