शब्दचर्चा: कन्स्ट्रेंट म्हणजे अट, बंधन की निर्बंध?

चौकस: कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रॅमिंगवर (सीएलपी, म्हणजे अज्ञात राशींवर कन्स्ट्रेंट घालून उत्तर शोधायची प्रोग्रॅमिंगची पद्धत) मराठीत टिपण लिहितोय. 'कन्स्ट्रेंट'ला 'अट' चालेल का?

तर्कट: नको. 'जर-तर'मधल्या कंडिशनला आपण अट म्हणतो, ती तपासली की संपली. साध्या प्रोलॉगमध्ये, म्हणजे तर्कावर चालणाऱ्या त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, क्षची किंमत ठरायच्या आधी 'क्ष > ३' विचारा, एरर येते. एसडब्ल्यूआय प्रोलॉग या तिच्या एका आवृत्तीत पूर्णांकांवरच्या कन्स्ट्रेंटसाठी सीएलपीएफडी लायब्ररी आहे, तीत तेच '#>' वापरून लिहा: क्ष ४ किंवा त्याहून मोठा, एवढं नोंदवून गाडी पुढे जाते. नंतर 'क्ष #< ५' आलं की क्ष = ४ आपोआप ठरतं. म्हणजे एकदा घातलं की ते लागूच राहतं. म्हणून 'निर्बंध'. क्रियापदंही आयती मिळतात: निर्बंध लागू होतो, शिथिल करतात, उठवतात. बॅकट्रॅकिंगमध्ये, म्हणजे मागे फिरून दुसरा पर्याय बघताना, हेच तर करायचं असतं. पर्याय फसला की त्यानंतरचे निर्बंध उठवून निर्बंधांचा साठा पूर्ववत करायचा. सिस्टीम लिहिणाऱ्याचा बराच घाम तिथेच गळतो.

आडकित्ता: निर्बंध म्हटलं की मला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश दिसतो. 'बंधन' बरं. आणि 'क्ष = य' हा कसला निर्बंध?

तर्कट: गंमत तिथेच आहे! जाफर आणि लासे या संगणकशास्त्रज्ञांनी १९८७ साली हेच मांडलं. प्रोलॉगचं युनिफिकेशन, म्हणजे दोन पदं जुळवून एकसारखी करणं, हा पदांच्या वृक्षांवरचा (पदांच्या फांद्याफांद्यांच्या रचनेवरचा) समानतेचा निर्बंध. त्या वृक्षांच्या जागी वास्तव संख्या किंवा दुसरं योग्य क्षेत्र घ्या, युनिफिकेशनऐवजी त्या क्षेत्राचा सॉल्व्हर (निर्बंध सोडवणारा प्रोग्रॅम) बसवा. तर्काची बैठक हलत नाही. 'बंधन'चं म्हणाल, तर विशेषण करायला गेलात की 'बंधनकारक' होतं आणि अर्थ सक्तीकडे घसरतो.

चौकस: पटलं. 'सॅटिस्फायेबल'ला, म्हणजे ज्याला उत्तर आहे अशा निर्बंधाला, 'सोडवता येण्याजोगा'?

तर्कट: 'समाधेय' म्हणा. उत्तर अस्तित्वात असणं वेगळं, सॉल्व्हरला ते सापडणं वेगळं. वास्तव संख्यांवर चालणाऱ्या सीएलपी(आर) या सिस्टीमला 'क्ष × य = १२' द्या. दोन अज्ञातांचा गुणाकार असल्यामुळे हे रेषीय नाही, म्हणून सिस्टीम ते बाजूला ठेवते. पुढे क्ष = ३ कळलं की तेच रेषीय होतं आणि य = ४ मिळतं. शेवटपर्यंत कळलंच नाही, तर उत्तराबरोबर प्रामाणिकपणे 'मेबी' छापते. तिथे 'सोडवता येण्याजोगा' लिहिलंत, तर वाचक नक्की गोंधळणार.

चौकस: आणि असा बाजूला ठेवलेला निर्बंध? 'प्रलंबित'?

आडकित्ता: 'तहकूब' लिहा. प्रलंबित म्हटलं की कोर्टातली तारीख आठवते, ती कधी लागेल सांगता येत नाही.

तर्कट: तहकूबला माझं अनुमोदन.