उपकेंद्रावरचं मधुमेह प्रशिक्षण: आधी इन्सुलिन की आधी पाय?

खाडीकाठ:
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आरोग्य उपकेंद्रांवरच्या सिस्टर आणि सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) मधुमेहासाठी जेमतेम एक दिवस मिळणार असेल, तर अर्धा दिवस इन्सुलिनलाच द्यावा. तोही स्लाइड दाखवून नव्हे, प्रत्येकीच्या हातात सिरिंज देऊन. आपल्याकडच्या कुप्या बहुतेक मिलीलिटरला ४० युनिटच्या, इन्सुलिन पेनमधली कार्ट्रिज १०० ची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात ८ युनिट. कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने तेच केलं तर ५०! पहिल्या चुकीत साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो, दुसरीत माणूस बेशुद्ध पडतो.

सुरंगी:
नाही पटलं. उपकेंद्रावर येणारे बहुतेक गोळ्यांवरचे. त्यांचे पाय कोण बघतं? भाताच्या लावणीत दिवसभर अनवाणी चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि पाय बधिर झालेला असला तर मोडलेला काटाही कळत नाही. बेचक्या उघडून बघणं आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढा दाब पडला की वाकणारा, स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) टेकवणं, पाच मिनिटांचं काम. पण ते शिकवावं लागतं. आधी हातावर टेकवून स्पर्श ओळखीचा करून द्यायचा, मग डोळे मिटायला सांगायचं, धागा वाकेपर्यंतच दाबायचा आणि उचलायचा. घट्ट्यावर टेकवला तर चांगला पायही बधिर ठरतो. दर वेळी "लागलं का?" विचारलं की वयस्कर माणसं "होय" म्हणून मोकळी होतात, मधूनच न टेकवताही विचारून बघायचं.

कातळ:
खाडीकाठ, इन्सुलिन शिकवा, पण अर्धवट नको. एकाच जागी टोचून बेंबीजवळ गाठी होतात. बोटांना साबणाचं पाणी लावून हात फिरवला की लागतात. सिस्टर सांगते, "जागा बदला." गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, नव्या जागेतून मात्र तोच डोस पुरता लागू पडतो आणि रक्तातली साखर ७० च्या खाली जाते. म्हणून जागा बदलायच्या आधी डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. घरच्यांनाही सांगून ठेवावं: साखर अशी उतरली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

खाडीकाठ:
गाठींचं मान्य, तो भाग हवाच. पण मग साठवणही हवी. पावसात वीज जाते म्हणून कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच. वापरातली कुपी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत न जाता, २८ दिवस चालते. हे सगळं दोन तासांत बसत नाही.

सुरंगी:
मग दोन वेगळे दिवस मागा. पायांचा मे महिन्यात, लावणीच्या आधी. जुलैत शिकवून त्या वर्षीचे पाय वाचत नाहीत.