पातालकोट एका दिवसात, १२५ सीसीवर डबल सीट: जमेल का?

शाइनवाला_मानेवाडा
नमस्कार मंडळी. डिसेंबरातल्या एका रविवारी नागपूरहून पातालकोटला (मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या पुढची खोल दरी, तळाशी गावं आहेत) जायचा विचार करून राहिलो आहे. गाडी होंडा शाइन १२५, मागे बायको. सोमवारी बुटीबोरीला सकाळची शिफ्ट असते, त्यामुळे मुक्काम शक्य नाही. रामटेक, खिंडसी, अंबाखोरी सगळं पाहून झालं. तिला एकदा डोंगराच्या कडेवर उभं राहून दरीचा तळ पाहायचा आहे. चुलतभाऊ म्हणतो, पातालकोट नको, त्यापेक्षा चिखलदऱ्याला जा. कोणी गेलं असेल तर रस्ता आणि वेळेचा अंदाज सांगा. खाली गावापर्यंत उतरता येतं का तेही सांगा.

सातपुडा_कोराडी
भाऊ, जमतं. १२५ सीसीला हा रस्ता अजिबात जड नाही. फक्त घड्याळ पक्कं ठेवा.

सावनेर, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानी घाट, उमरानाला, छिंदवाडा. इथवर साधारण १३० किलोमीटर. पुढे परासिया, तामिया आणि तिथून पातालकोटची कड. एकूण एका बाजूने दोनशेच्या आसपास धरा. पहाटे पाचला नागपुरातलं मानकापूर सोडलं की सौंसरला चहा, छिंदवाड्यात नाश्ता आणि अकराच्या आत कडेवर. याहून लवकर पोहोचायची घाई करू नका. दरी इतकी खोल आहे (बाराशे ते पंधराशे फूट सांगतात) की सकाळी तळाशी सावली आणि धुकं असतं, वरून काही उमगत नाही. अकरा ते एक या वेळात ऊन खाली उतरतं. मग शेतांचे तुकडे, घरांची छपरं, पायवाटा एकेक करून दिसू लागतात. दरीचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे, त्यामुळे समोरचा कडा तुमच्याकडेच वळून येतो. दूधी नदी इथूनच नर्मदेकडे निघते.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच की एकच जागा धरा आणि तिथे दोन तास बसा. लोक तामियाचा व्ह्यू पॉइंट, छोटा महादेव, पातालकोट असं सगळं एका दिवसात कोंबतात आणि कुठेच दहा मिनिटांच्या वर थांबत नाहीत. ती दरी पहिल्या दहा मिनिटांत दिसतच नाही. डोळा सरावला की खालचा माणूस, बैल, चुलीचा धूर दिसतो, आणि तेव्हा कळतं की खाली अख्खी गावं नांदताहेत. भारिया आणि गोंड लोक पिढ्यान् पिढ्या तिथे राहतात. कडेवरून आरडाओरडा करू नका, बाटल्या फेकू नका. २०१९ साली पातालकोटला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं आहे. वनौषधींसाठी हा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून येणारा जाणारा काहीतरी उपटून पिशवीत टाकतो. तेवढं तुम्ही करू नका.

एक वाजता गाडी वळवायची, मग आकाश कितीही मोकळं असो. डिसेंबरात साडेपाचला सूर्य जातो आणि सिल्लेवानी घाट तुम्हाला उजेडात उतरायचा आहे. मायलेजसाठी उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय असेल तर त्या दिवशी सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या. मागे माणूस असताना नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापून ढिले पडतात.

गाविलगड_प्रेमी
चिखलदराही एका दिवसात होतं, अमरावती-परतवाडा मार्गे. उंची अकराशे मीटरच्या वर, गाविलगड आहे, कॉफीची झाडं आहेत. पण रविवारी पॉइंटवर गाड्यांची रांग लागते. वहिनींना शांत कडा हवा असेल तर पातालकोटच बराबर.

सौंसरची_लेक
माझं माहेर सौंसरचं, लग्नानंतर नागपूरला आले. या रस्त्यावर मी बहुतेक मागच्या सीटवरच असते, म्हणून वहिनींसाठी लिहिते. नागपूर जेमतेम तीनशे मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास. घाट चढला की पहाटेची थंडी एकदम गुडघ्यांना आणि बोटांना लागते. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट, हातमोजे आणि कानटोपी हवीच. तिलाही पूर्ण हेल्मेट द्या, अर्धं नको. दर तासाला पाच मिनिटं उतरून चालायचं, नाहीतर परतीला कंबर बोलते.

सावनेर ते सौंसर पट्ट्यात डिसेंबरात पहाटे धुकं असू शकतं. पुढचा ट्रक दिसेनासा झाला तर चहाच्या टपरीवर थांबा, अर्धा तास गेला तरी चालेल. संत्र्याचा हंगाम असतो, माल भरलेल्या गाड्या बागांच्या वाटेने अचानक हमरस्त्यावर येतात. परासियाकडे कोळशाचे ट्रक, तिथे ओव्हरटेक जपून. बोलायची काळजी नको, सौंसरपर्यंत मराठीच चालते. डबा घरूनच न्या. आम्ही पराठे आणि ठेचा नेतो.

शाइनवाला_मानेवाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. चुलतभावाला हा धागाच पाठवला. दादा, दोन गोष्टी राहिल्या: पेट्रोल कुठे भरायचं, आणि खाली उतरण्याचं काय?

सातपुडा_कोराडी
आदल्या रात्री टाकी फुल्ल करा, परतीच्या वाटेवर छिंदवाड्यात पुन्हा भरा. मागच्या टायरमध्ये हवा डबल सीटच्या हिशोबाने भरा, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. चेनला तेल द्या. तामियाच्या पुढे नेटवर्कचा भरवसा धरू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी परतीची वेळ सांगून निघा.

खाली उतरणं या फेरीत नको. उतरताना कळत नाही, पण चढताना दुपार संपते आणि एक वाजताची वेळ हुकते. त्यासाठी तामियाला मुक्काम ठेवून वेगळे या, गावातलाच माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याला त्याची मजुरी नीट द्या. या वेळी वहिनींना कडेवर निवांत बसू द्या.

शाइनवाला_मानेवाडा
ठरलं मग. महिन्यातला दुसरा रविवार. दुसरं हेल्मेट उद्याच घेतो.