मदत हवी आहे: ब्राउन रेड की ब्लॅक ब्रेस्टेड रेड?

माझ्याकडे ओल्ड इंग्लिश गेम बँटमचा सात महिन्यांचा कोंबडा आहे. देणाऱ्याने 'ब्राउन रेड' रंगाचा म्हणून दिला, पण मला ते पटत नाही. मान आणि पाठ नारिंगी-लाल, छाती काळीभोर, शेपूट काळी. इथवर ब्राउन रेड आणि ब्लॅक ब्रेस्टेड रेड ही दोन्ही रंगांची नावं चालली असती. पण पंख मिटला की खालच्या बाजूला तांबूस-तपकिरी त्रिकोण स्पष्ट दिसतो. ब्राउन रेडचा पंख तिथे काळाच हवा ना? शिवाय ब्राउन रेडच्या छातीच्या पिसांना सोनेरी कडा असते, ती इथे औषधालाही नाही. तोंडही लालभडक आहे, ब्राउन रेडसारखं काळपट नाही.

म्हणजे ब्लॅक ब्रेस्टेड रेड, असं ठरवून मोकळा झालो होतो. तेवढ्यात त्याच्या सख्ख्या बहिणीने घोळ घातला! ती तलंग गव्हाळ, छाती सायीसारखी फिकट. ब्लॅक ब्रेस्टेड रेडच्या मादीची छाती सामन (नारिंगी-गुलाबी) हवी, इथे त्या रंगाचं नावही नाही. मग हा व्हीटन (ज्या रंगात मादी गव्हाळ असते) नर तर नसेल? वरून व्हीटन आणि ब्लॅक ब्रेस्टेड रेडचे नर सारखेच दिसतात; फरक पिसांच्या मुळाशी, व्हीटनची लव पांढुरकी, दुसऱ्याची राखाडी. माझ्या कोंबड्याच्या मानेची पिसं उलटून पाहिली तर मुळाशी लव कुठे राखाडी, कुठे पांढुरकी.

अशी मिश्र लव असेल तर तुम्ही काय धरता? आणि प्रदर्शनात कोणत्या रंगाखाली नोंदवू?