आपल्या माणसांसमोर उतरलेला मास्क: तुमचे अनुभव लिहा

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. मधल्या तीन वर्षांत आपण नाकातोंडावर मास्क बांधला, काढला, पुन्हा बांधला. त्या काळातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये मी मास्क कधी नाकाखाली येऊ दिला नाही. लिफ्टमध्ये कोणी बिनमास्कचा असला तर जिन्यानं जायचे. मग एके दिवशी भाऊ घरी आला. दारात बूट काढता काढता त्यानं मास्कही काढला आणि खिशात ठेवला. दोनदा खोकला. "दादा, राहू दे मास्क." हे चार शब्द घशाशी आले आणि तिथेच थांबले. त्याला वाटेल, बहिणीच्या घरी आपण परके झालो. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, चाचणी पॉझिटिव्ह. आठवड्याभरात घरातले आम्ही चौघंही. सगळे बरे झालो, पण आईला जिना चढताना अजून मध्येच थांबावं लागतं.

परक्यांसमोर इतका काटेकोर लावलेला मास्क घरच्यांसमोर का उतरला? तुम्ही कोणासमोर लावला, कोणासमोर काढला, कोणाला सांगू शकला नाहीत? ज्यांनी लावलाच नाही त्यांनीही मोकळेपणानं लिहा. इथे कोणाला धारेवर धरायचं नाही.

*

मी परिचारिका आहे, कोविड वॉर्डात काम केलं. एन-९५ लावायची एक रीत असते. एक पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, दुसरा मानेमागे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडायचा. कडेनं हवा लागली तर पुन्हा पहिल्यापासून. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही, म्हणून आमच्या कितीतरी सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांची दाढी काढली. ड्यूटी संपेपर्यंत नाकाच्या हाडावरची कातडी सोललेली असायची. तिथे चिकटपट्टी लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मास्क.

पेशंटजवळ आमची एवढी काळजी. आणि जेवणाच्या खोलीत? दार लावलं की सगळ्याजणी मास्क उतरवून समोरासमोर बसायचो. खोली लहान, खिडकी बंद. दिवसभरात एकमेकींचा चेहरा दिसायचा तो तेवढाच अर्धा तास, आणि तो सोडवत नसे. ज्या तिघी रोज एकत्र डबा खायच्या त्या तिघी एकाच आठवड्यात बाधित झाल्या. वॉर्डात लागण झाली असेल असंच सगळ्यांनी धरलं. मला तसं वाटलं नाही. नंतर आम्ही आळीपाळीनं जेवायला लागलो, खिडकी उघडून, पाठ करून. फार एकटं वाटायचं.

*

चष्मेवाल्यांसाठी एक सांगते. काचेवर वाफ धरत असेल तर श्वास वरच्या फटीतून बाहेर येतोय, म्हणजे मास्क नाकावर नीट बसलेला नाही. मी वर्षभर काचा पुसत राहिले. तार दाबून बसवायची असते हे कोणी सांगितलंच नव्हतं.

*

मी न लावणाऱ्यांपैकी. सुरुवातीला तरी. विचारलंच आहे तर खरं सांगतो.

मला राग मास्कचा नव्हता, सांगणाऱ्यांचा होता. २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखांनी, लोकांना मास्क विकत घेणं थांबवा असं जाहीर सांगितलं, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही म्हणून. ३ एप्रिलला तिथल्याच रोगनियंत्रण केंद्रानं कापडी मास्क लावा असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वसामान्यांसाठी तशी शिफारस केली ५ जूनला. मी म्हटलं, यांचंच ठरत नाही, मला काय सांगता? डॉक्टर-नर्सना मास्क कमी पडू नयेत ही भीती त्यामागे होती आणि लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग पसरतो हे हळूहळू स्पष्ट होत गेलं, हे मला पुढे समजलं. पण तेव्हाच कोणी सरळ म्हणालं असतं की "मास्क थोडे आहेत, आधी त्यांना लागणार आहेत", तर मी ऐकलं असतं. उपयोग नाही असं एकदा सांगितल्यावर माझा विश्वास गेला तो गेलाच.

पुढे लावायला लागलो तो कुठल्या नियमानं नाही. शेजारच्या काकूंचं मूत्रपिंड बदललं होतं. त्या जिन्यात दिसल्या की मी आपोआप रुमाल तोंडावर धरायचो. एकदा त्या म्हणाल्या, "रुमाल कशाला धरतोस रे, मास्क लाव की, हात तरी मोकळे राहतील." त्या दिवसापासून लावला.

*

वरच्या दादांनी विश्वासाचं लिहिलंय ते पटलं. माझं काम आकडेवारीचं, म्हणून दोन अभ्यासांबद्दल लिहितो. दोन्ही बाजू हेच अभ्यास एकमेकांच्या अंगावर फेकत होत्या.

पहिला डेन्मार्कचा, २०२० च्या वसंतातला. सुमारे सहा हजार माणसं. अर्ध्यांना बाहेर जाताना सर्जिकल मास्क लावायला सांगितलं. संसर्ग झाला १.८ टक्क्यांना, बाकीच्या गटात २.१ टक्क्यांना. एवढ्या फरकावरून काही ठाम म्हणता येत नाही. "बघा, उपयोग नाही" म्हणणारे हेच दाखवायचे. पण त्यात पाहिलं होतं ते लावणाऱ्याचं रक्षण होतं का एवढंच. त्याच्यामुळे दुसरे वाचतात का, हा प्रश्न त्या अभ्यासात नव्हताच.

दुसरा बांगलादेशचा. ६०० गावं, तीन लाखांहून जास्त प्रौढ. निम्म्या गावांत मास्क घरोघरी फुकट वाटले, गावातल्या मानाच्या माणसांनी स्वतः लावून दाखवले, आणि रस्त्यात कोणी बिनमास्कचं दिसलं तर थांबवून सौम्यपणे आठवण करून दिली. नीट मास्क लावणारे जवळपास १३ टक्के होते ते ४२ टक्क्यांवर गेले. रक्तचाचणीत सिद्ध झालेला लक्षणांसह आजार त्या गावांत सुमारे ९ टक्क्यांनी कमी निघाला. सर्जिकल मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला, साठीच्या पुढच्यांत तर जास्तच. कापडी मास्कबद्दल तितकं खात्रीनं सांगता आलं नाही.

मला यातली सर्वात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्यांनी मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले, लोकांकडून वचन घेऊन पाहिलं, बक्षीस देऊन पाहिलं. त्यानं काही भर पडली नाही. मास्क हातात देणारा आणि समोर उभा राहून आठवण करणारा माणूस मात्र कामी आला. शिवाय मास्क लावला की लोक बेफिकीर होतील असं म्हणत होते, तसंही झालं नाही. त्या गावांतले लोक उलट थोडं जास्त अंतर ठेवू लागले.

*

हे आठवण करून देण्याचं काम मी केलंय, बसमध्ये वाहक म्हणून. "मास्क!" असं नुसतं ओरडलं की माणूस बिथरतो. एकानं माझी कॉलर धरली होती. "काका, जरा वर घ्या ना" म्हटलं की दहातले आठ लगेच घ्यायचे. हनुवटीवर मास्क अडकवून बसलेले बहुतेक विसरलेले असायचे, अडून बसलेले फार थोडे. मी जादा मास्कांचं पुडकं तिकिटांच्या पिशवीत ठेवायला लागलो आणि भांडणं निम्म्यावर आली. फोन आला की मात्र सगळे मास्क खाली ओढून बोलायचे. त्यावर मला शेवटपर्यंत उपाय सापडला नाही.

*

मला ऐकू येत नाही. यंत्र लावते, पण निम्मं बोलणं ओठांवरून समजून घेते. मास्क आल्यावर एका आठवड्यात जग माझ्याशी बोलायचं थांबलं.

दवाखान्यात नाव पुकारलं जायचं आणि मला कळायचं नाही. "मला ओठ दिसायला हवेत" असं कागदावर लिहून दाखवायचे. काही जण चार पावलं मागे जाऊन मास्क खाली घ्यायचे, बोलायचे, पुन्हा वर. ते मागे जाणं माझ्यासाठी आणि स्वतःसाठीही होतं, त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. काही जण मात्र चिडायचे, "नियम आहे" म्हणायचे आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणायचे. मोठ्यानं बोलून माझा काय उपयोग? पुढे पारदर्शक खिडकीचे मास्क निघाले. आतून वाफ धरायची, तरी हसू दिसायचं. एका डॉक्टरबाईंनी तसा मास्क माझ्या एका भेटीसाठी मुद्दाम मागवून घेतला होता. तपासणी पाच मिनिटांची, पण मी घरी येऊन रडले.

मास्क नको असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आताही म्हणत नाही. माझ्यासारख्यांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता, एवढंच म्हणते.

*

वरच्या ताईंचं वाचून हात थांबले नाहीत. मी पहिलीची शिक्षिका. च आणि ज शिकवताना जीभ कुठे लागते हे मुलांना दिसायला लागतं. मास्कमागून ते कसं दाखवणार? शेवटी मी घरी तोंडाचे व्हिडिओ काढून वर्गात लावले. मुलं मास्कबाबत मोठ्यांपेक्षा शहाणी निघाली. एकीचा घसरला की शेजारची बोटानं खूण करायची. वर्षानं मास्क उतरले तेव्हा मी प्रत्येकाचं नाक नि हनुवटी मनात वेगळीच रंगवली होती हे लक्षात आलं. डोळ्यांवरून ओळखणारी मी, चेहरा पूर्ण दिसल्यावर दोघांची नावं चुकले.

*

जुनी गोष्ट आठवली. १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येला, मांचुरियात, फुप्फुसाचा प्लेग पसरला. डॉक्टर वू लिएन-ते यांनी ओळखलं की हा श्वासातून पसरतोय, आणि कापूस नि जाळीच्या कापडाचे मास्क सगळ्यांना लावायला सांगितले. मेनी नावाचे अनुभवी फ्रेंच डॉक्टर मदतीला आले होते. त्यांना या तरुण चिनी डॉक्टरचं म्हणणं पटलं नाही. ते मास्क न लावताच रुग्णांना तपासायला गेले आणि जानेवारी १९११ मध्ये, काही दिवसांतच, त्याच प्लेगनं गेले. त्यानंतर तिथे सगळ्यांनी मास्क लावले. सॅन फ्रान्सिस्कोतही १९१८ च्या फ्लूत मास्कसक्ती झाली, ती उठली तेव्हा लोकांनी भर रस्त्यात मास्क फेकून दिले, आणि जानेवारी १९१९ मध्ये ती परत लागू झाल्यावर मास्कविरोधी संघटनाच उभी राहिली. म्हणजे आपण भांडलो ते काही नवं नव्हतं.

*

मला दमा आहे. धाप लागली की मास्क काढून कोपऱ्यात उभी राहायचे, लोकांच्या नजरा सोसत. एवढंच लिहायचं होतं.

*

धागा काढणाऱ्या ताईंचा प्रश्न "कोणासमोर काढला" असा आहे. माझं उत्तर एका फोटोत आहे.

घरचं कार्य होतं, मोजकी माणसं. दिवसभर सगळ्यांनी मास्क सांभाळले. बाबा तर इतके जपून की पाणी प्यायलाही अंगणात जायचे. निघायच्या वेळी फोटो काढणारा म्हणाला, "फोटोपुरते मास्क काढा, जवळ या." आम्ही सतरा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. एक नीट आला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. मग हसवायला कोणीतरी काहीतरी ओरडलं आणि सगळे मोठ्यानं हसलो.

बाबा सोळाव्या दिवशी गेले. त्या फोटोमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही, ते कोणालाच कळणार नाही. पण हसताना सगळ्यांची तोंडं उघडी आहेत, आणि बाबा मधोमध आहेत. तो त्यांचा शेवटचा फोटो. भिंतीवर लावलाय, कारण त्यात ते खरंच आनंदात दिसतात. आई रोज पुसते. मी त्या भिंतीसमोर फार वेळ थांबत नाही.

ताई, तुम्ही दादाला बोलला नाहीत म्हणून स्वतःला लावून घेऊ नका. आम्ही सतरा जण होतो, सतरांतला एकही बोलला नाही.

*

माझा मास्क महामारीच्या आधीपासूनचा आहे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असताना पांढऱ्या पेशी इतक्या कमी व्हायच्या की साधी सर्दीही जड जायची. २०१८ मध्ये मी मास्क लावून बसमध्ये चढले की शेजारची जागा रिकामी व्हायची. मला काहीतरी लागट झालंय असं वाटायचं लोकांना. खरं तर मी त्यांच्यापासून स्वतःला वाचवत होते.

मग २०२० आलं आणि मी गर्दीत मिसळून गेले. दोन वर्षं माझ्याकडे वळून कोणी पाहिलं नाही. हे सांगायला मन कचरतं, कारण त्याच दोन वर्षांत इतकी घरं उजाड झाली, पण रस्त्यावर चालताना मला तेव्हा हलकं वाटायचं. आता पुन्हा वळून बघतात. "अजून लावता?" असं विचारतात. कधी सांगते, कधी नाही.

परवा तपासणीसाठी गेले होते. समोरच्या बाकावर एक आजोबा खोकत होते. त्यांची सून हळूच म्हणाली, "बाबा, मास्क आहे ना खिशात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घडी घातलेला मास्क काढला, झटकला आणि लावला. नाकावरची तार दाबायला मात्र विसरले. सुनेनं पुढे वाकून ती दाबून दिली.