पोलिसाला डिवचणं हा वेगळा गुन्हा करायचा का?

नाकाबंदी
सध्या एक रील फिरतेय. सिग्नलला अडवलेला दुचाकीवाला हवालदाराच्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणतोय, "नेमप्लेट कुठंय? हात लाव ना, लाव!" खाली प्रतिक्रियांचा सूर एकच: अशांना आत टाका, पोलिसाला डिवचणं हाच गुन्हा करा.

माझा विरोध आहे. कारण कायद्यात नसलेला हा गुन्हा व्यवहारात कधीचा चालू आहे. "३५३ टाकू का?" हे कुणी ऐकलं नाही? सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हमला किंवा बळाचा वापर, असं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ते कलम. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १३२. हमल्याच्या व्याख्येखालीच लिहिलंय की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. मग फिर्यादीत काय येतं? "हुज्जत घातली, अंगावर धावून आला, धक्काबुक्की केली." ठसा मारल्यासारखी तीच वाक्यं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ३५३ ची शिक्षा २ वर्षांवरून ५ केली होती. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ती पुन्हा २ आहे, पण कलम अजामीनपात्रच.

आता गंमत बघा. शेजाऱ्याने मला चारचौघांत आईवरून शिवी दिली आणि मी चौकीत गेलो, तर एनसी, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशा गुन्ह्याची नुसती नोंद, घेऊन हातात कागद देतात: अदखलपात्र आहे, कोर्टात जा. तीच शिवी वर्दीला दिली की लॉकअप. आणि आता त्यासाठी आणखी एक कलम हवं?

खाकीघरचा
माझी बहीण पोलीस शिपाई आहे. विसर्जनाच्या बंदोबस्ताला सकाळी उभी राहते ती दुसऱ्या दिवशी घरी येते. मध्ये लघवीला जायची सोय नसते, म्हणून पाणीही बेतानं पिते. रात्री दोन वाजता डीजे बंद करायला सांगितलं की मंडळाचा कार्यकर्ता दात विचकून म्हणतो, "मॅडम, वर्दी उतरवीन, गडचिरोलीला पाठवीन." बाकीचे तिच्या तोंडावर टॉर्च मारून शूटिंग करतात. तिनं एक शब्द वावगा काढला की तेवढाच तुकडा सगळीकडे. आधीचा पाऊण तास कुणी दाखवत नाही.

शब्दांनी कुणी मरत नाही म्हणाल. २०१६ मध्ये मुंबईत खारला विनाहेल्मेट पोरांना अडवलं म्हणून वाहतूक पोलिसाच्या डोक्यात घाव घातला, त्यात तो गेला. पोलिसाला काहीही बोललं तरी चालतं, या हवेतूनच तिथपर्यंत मजल जाते.

वकिलीबाणा
@खाकीघरचा, खारचं प्रकरण खुनाचं होतं. त्याला डिवचण्याचं कलम काय करणार होतं?
बहिणीला जे ऐकावं लागतं त्यासाठी मात्र कलमं आहेत. स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दांना ७९, तीन वर्षांपर्यंत. रस्त्यावर अश्लील शिवीगाळ, २९६. धमकी, ३५१. अडथळा आणला पण अंगाला हात लावला नाही, तर २२१. हे सगळं सोडून ठाणे अंमलदार थेट १३२ का लिहितो? ते लावलं की ठाण्यात जामीन होत नाही, म्हणून.

बंगळूरचं एक जोडपं आठवा. अपघातानंतर पोलीस निरीक्षकानं दमदाटी केली, असं त्यांनी वाहतूक पोलिसांच्याच फेसबुक पानावर लिहिलं. त्यावर ३५३ आणि धमकीचं जुनं कलम ५०६! २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. दिल्ली गाठेपर्यंत माणूस नोकरीतून, पासपोर्टमधून उठतो हो.

झणझणीत
सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे २०१४ पासून ठरलेलं आहे. उगाच लॉकअपची भीती घालू नका. उलट स्पष्ट कलम असेल तर ठाणे अंमलदाराला धक्काबुक्की रचावी लागणार नाही. शिवी दिली, शिवीचं कलम, हजार रुपये दंड, विषय संपला. फ्रान्समध्ये पोलिसाचा अपमान हा गुन्हा आहेच, तिथली लोकशाही काही बुडाली नाही.

नाकाबंदी
नोटीस द्यायची हे कागदावर. शनिवारी रात्री ठाण्यात बसवलेल्या पोराला ते सांगून बघा.

ह्यूस्टनकर
आमच्या गावचाच, अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा, खटला आहे. पोलिसाला कामात "व्यत्यय" आणणं हा इथे शहराच्या नियमानं गुन्हा होता. एका माणसाच्या मित्राला पोलीस हटकत होते, तर हा लांबून ओरडला, "तुझ्या मापाचा कुणीतरी गाठ की!" एवढ्यावर अटक. १९८७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियमच मोडीत काढला. पोलिसाला तोंडानं विरोध करूनही अटक न होणं, हाच मुक्त देश आणि पोलिसी राज्य यांतला एक मुख्य फरक, असं निकालात आहे. तरी २०२१ मध्ये केंटकी राज्याच्या सिनेटनं पोलिसाला डिवचणाऱ्याला ९० दिवसांपर्यंत कैद देणारं विधेयक मंजूर केलंच. पुढच्या सभागृहात ते अडकलं म्हणून बरं.

खाकीघरचा
अमेरिकेत पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतं आणि मागे संघटना. आमच्याकडे शिपायाला संघटना काढायचीही मुभा नाही. नगरसेवकाचा फोन आला की साहेबच म्हणतात, "जाऊ दे, सोड." तुमची सगळी कलमं तिथेच संपतात. साध्या माणसाला १३२ लागतं आणि नगरसेवकाच्या पोराला काहीच लागत नाही, हे मलाही दिसतं. म्हणून तर म्हणतो, कलम स्पष्ट हवं.

वकिलीबाणा
मग तुम्हीच सांगा, नव्या कलमानं नगरसेवकाचा फोन यायचा थांबेल का? फिर्यादी पोलीस, पंचनामा पोलिसांचा, तपास त्याच ठाण्याचा. "डिवचलं" म्हणजे काय ते ठरवणारेही तेच. "पावती द्या" म्हटलेलंसुद्धा त्यात बसेल.

झणझणीत
त्याला बॉडी कॅमेरा हा इलाज आहे. चित्रीकरण नसेल तर गुन्हाच नोंदवायचा नाही, अशी अट घाला.

नाकाबंदी
ही अट १३२ ला आजपासून लावा, मी धाग्याचं शीर्षक बदलतो. आणि चित्रीकरण आरोपीलाही मिळायला हवं, पहिल्या तारखेलाच.

खाकीघरचा
मान्य. पण पाऊण तासाचं सगळं, कापाकापी नको. दोन्ही बाजूंचं.