मदत हवी आहे: स्पिटफायर असूनही वळणात मार खातोय, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपासून डीसीएस वर्ल्ड या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये ऑनलाइन उडतोय. मुक्काम मुलुंड, वेळ रात्री साडेअकरानंतर (मुलगी झोपली की), सर्व्हर युरोपातला, पिंग (सिग्नल जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास. टेकऑफ-लँडिंग आता जमतं. लढाईत मात्र रोज पडतो.

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायर मार्क नाइन वळण्यात जर्मन मेसरश्मिट १०९ के-४ पेक्षा भारी, असं सगळीकडे वाचलं. म्हणून १०९ दिसलं की स्टिक पोटाशी ओढतो. पहिलं अर्धं वळण झकास जातं, मी आत आत शिरतो. मग तो सरळ वर निघून जातो. मी मागोमाग नाक उचलतो, विमान थरथरतं, एक पंख पडतो आणि गिरक्या घेत मी खाली. काल चार वेळा हेच झालं. चौथ्या वेळी बायको पाणी प्यायला उठली होती. स्क्रीनकडे बघून "परत?" एवढंच म्हणाली.

टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाण नंतर तपासायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग पाहिलं. वळणात शिरताना ताशी ३०० मैल, वीसेक सेकंदांनी १५०, आणि उंची होती तेवढीच.

शंका अशी, की हा दोष जॉयस्टिकचा आहे का? लॅमिंग्टन रोडवरून जुनी घेतली होती, मधोमध ढिली आहे, जरा हलवली की नाक उसळतं. नवी घ्यायची तर घरात आधी बाजू मांडावी लागेल. दुसरं म्हणजे हाय यो-यो, लो यो-यो, सिझर्स ही हवाई डावपेचांची नावं पाठ झालीत, पण ऐन वेळी एकही आठवत नाही. कुठून सुरुवात करू?

पतंगवाला:
जॉयस्टिकचं नंतर बघू. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: ३०० चे १५० झाले आणि उंची तीच.

हिशेब करा. ३०० मैलांचा वेग पूर्णपणे उंचीत बदलला (हवेचा अडथळा सोडून) तर साधारण ३००० फूट मिळतात. १५० चे मिळतात फक्त ७५०, कारण वेगाचा वर्ग होतो. म्हणजे वीस सेकंदांत तुम्ही सव्वादोन हजार फूट उधळलेत. के-४ मुळात चढायला सरस. त्याच्यामागे साडेसातशे फुटांच्या शिदोरीवर निघालात तर आणखी काय होणार?

आता पंख का पडतो ते. सरळ उडताना समजा ९० मैलांना स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल संपते. ४ जी (वजनाच्या चौपट जोर) ओढलेत की तो आकडा दुप्पट, १८०. दीडशेवर तुमच्या हातात जेमतेम पावणेतीन जी उरतात, आणि तुम्ही ओढताय चारच्या सवयीने. त्यात रडर (शेपटीचं पायाने चालणारं सुकाणू) विसरला असाल तर गिरकी ठरलेलीच. टर्न-अँड-स्लिपच्या डायलमधली वरची सुई (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवते) मधे ठेवायची सवय लावा.

आणि "भारी वळतं" म्हणजे कुठल्या वेगाला, हे कोणी लिहीत नाही! ३०० मैलांना ४ जी वळलात तर वर्तुळाची त्रिज्या चांगली पावणेपाचशे मीटर, पूर्ण फेरीला २२ सेकंद. २०० मैलांना तेच ४ जी दोनशे दहा मीटरमध्ये, १५ सेकंदांत. म्हणून जास्तीचा वेग असेल तेव्हा तो ओढून जाळायचा नाही, वर ठेवायचा. नाक वर न्या, उंचीवर वेग कमी होऊ द्या, तिथे विमान पालथं करून शत्रूच्या वळणाच्या आत उतरा. झाला तुमचा हाय यो-यो. लहानपणी गच्चीवर पतंग काटला असेल तर आठवा, नुसती खेच मारणाऱ्याचा मांजा आधी तुटतो. ढील द्यायला शिका.

या ऊर्जेच्या हिशेबाला शिस्त लावली ती १९६० च्या दशकात जॉन बॉइड या अमेरिकन वैमानिकाने, थॉमस ख्रिस्टी या गणितज्ञाच्या मदतीने. नावं पाठ करण्याआधी तो विचार समजून घ्या. नावं आपोआप आठवतील.

रातपाळी:
वरच्यांशी सहमत, पण जॉयस्टिक अगदीच निर्दोष नाही. स्पिटफायरचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) मुळातच फार हलका, खऱ्या विमानातही तसाच होता. सेटिंगमध्ये पिचला (नाक वर-खाली करायच्या हालचालीला) १५-२० ची कर्व्ह लावा, म्हणजे मधली हालचाल मऊ होईल; मधे थोडा डेडझोन (स्टिक हलली तरी काही न होणारा पट्टा) द्या. नवी घेण्याचे पैसे वाचतील, बाजूही मांडावी लागणार नाही.

आणि महिनाभर सर्व्हरवर जाऊ नका. एकटे उडा. उंची धरून, वेग न घटवता पूर्ण फेरी घड्याळ लावून मोजा. आधी २२०, मग २००, १८०, १६०. वहीत लिहा.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. महिना काही धीर धरवला नाही, आठवड्यावर आलो. मुलीच्या चौकटीच्या वहीची मागची पानं भरलीत. २२० ला उंची धरून घट्ट वळलं की वेग गळतोच, १७० च्या आसपास तो टिकतो आणि फेरी अठराएक सेकंदांत होते. थरथर सुरू झाली की स्टिक केसभर पुढे सोडायची, हे आता हाताला कळतं.

काल १०९ दोनदा वर गेलं, मी मागे गेलो नाही. वेग धरून खालीच घिरट्या घालत राहिलो. तिसऱ्यांदा तेच खाली आलं आणि वळणात माझ्यासमोर आलं. माझ्या सगळ्या गोळ्या त्याच्या मागून गेल्या, एकही लागली नाही! पण पडलो नाही.

आता वळणात नेम किती पुढे धरायचा, ते कोणी सांगेल का?